ब्रिजीबायचा हात

रविवार, १५ नोव्हेंबर १९५३

परळच्या चाळीतल्या एका खोलीतून आज आम्ही मुलुंडला आलो. बाबांना डोंगराखालच्या दगडखाणीत मुकादमाची नोकरी लागली आणि राहायला खाणीच्या कडेची, पूर्वीच्या गोऱ्या साहेबाची जुनी बंगली मिळाली. आई बाळंतपणाला राजापूरला गेली आहे. ती येईपर्यंत घर माझ्या ताब्यात. मी चौदा वर्षांची आहे, मला जमेल. जयवंत दहाचा, त्याला काहीच जमत नाही. आल्या आल्या खिडकीजवळच्या खाटेवरून आमचं जुंपलं. त्याने माझी वेणी ओढली, मी त्याला उशीने बडवला, आणि शेवटी दोघांनी त्याच खाटेवर बसून चिवडा संपवला.

दुपारी एमिलिया मावशी अंडी घेऊन आली. ती जवळच्या गावठाणातली ख्रिस्ती बाई, पूर्वी साहेबाकडे स्वयंपाकाला होती. साहेब आयर्लंडचा. त्याला कोणी इंग्रज म्हटलं की टोपी आपटायचा, म्हणाली. आम्ही सख्खे बहीणभाऊ का, हे मात्र तिने दोनदा विचारलं.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

खाणीत रोज दुपारी सुरुंग उडवतात. आधी भोंगा होतो, लाल बावटा लागतो, कामगार वर येतात, मग धडाका. फळीवरची भांडी खाली येतात. जयवंतला त्याची भारी मजा वाटते.

आज भोंगा झाला तेव्हा तो कुंपणापाशी उभा राहून खाली कोणाला तरी हात करत होता. कोणाला रे, म्हणून विचारलं. लाल केसांची एक मुलगी आहे, म्हणाला, आणि ती त्याला डॅनी म्हणते. मी वाकून पाहिलं. मला नुसते दगड दिसले.

शुक्रवार, २० नोव्हेंबर

जयवंतच्या मनगटावर दात उमटलेत. चांगले खोल, रक्त येईपर्यंत. बाबांना वाटलं, आम्ही भांडलो आणि मीच चावले. त्यांनी अशी कानाखाली दिली की अजून कान वाजतोय. ताईने नाही केलं, म्हणून जयवंत ओरडत होता, पण बाबा ऐकायला तयार नव्हते. नंतर त्याने गुपचूप आपल्या वाटचा गूळ माझ्या ताटात ठेवला.

मग हळूच म्हणाला, “ताई, ती म्हणते, आधी तू चावलास.”

सोमवार, २३ नोव्हेंबर

आज एमिलिया मावशीला धरून बसवलं. जयवंतचं मनगट पाहून तिने कपाळ, छाती, खांद्यांना बोटं लावली आणि मग सांगितलं.

साहेबाला दोन मुलं होती. ब्रिजीबाय मोठी, डॅनी धाकटा. एकमेकांशिवाय जेवायचे नाहीत. एका दुपारी सुरुंग बघायला दोघं चोरून खाणीत उतरली. पहिला सुरुंग उडाला आणि दरड ब्रिजीबायच्या कमरेवर आली. दुसऱ्याची वात पेटलेली होती. तिने डॅनीचा हात घट्ट धरला. तो ओढत राहिला, ती सोडेना. शेवटी तो तिच्या हाताला चावला आणि पळाला.

“पोरी, तो वाचला,” मावशी म्हणाली. “साहेब त्याला घेऊन बोटीने गेला. ब्रिजीबायला कोणी सांगितलंच नाही.”

ती अजून त्याची वाट बघते. या घरात कोणाचा धाकटा भाऊ आला की तिला तो डॅनीच वाटतो.

बाबांना सांगितलं. ते हसले नाहीत, पण नोकरी सोडून जायचं कुठे, म्हणाले.

मंगळवार, २४ नोव्हेंबर

भोंगा झाला आणि जयवंत कुंपणावरून उडी मारून खाली पळत सुटला. पळत नव्हता, त्याला कोणीतरी ओढत होतं. एक हात पुढे ताणलेला, पाय दगडांवर घासत. मी त्याला मागून धरलं, दुसरा हात ओढला. तेव्हा ती दिसली. केस लाल, कमरेखाली काहीच नाही, नुसता लगदा, आणि तो लगदा दगडावरून सरपटत होता. मी ओढलं, तिनेही ओढलं. जयवंतच्या खांद्यातून ओली फांदी मोडल्यासारखा आवाज आला. तो किंचाळला. मग सुरुंग उडाला, तिची पकड सुटली आणि ती दिसेनाशी झाली.

दवाखान्यात हात बांधला. बाबा बाहेर बसून रडले. घरी न्या, पण दोन दिवस प्रवास नको, म्हणाले डॉक्टर. मग राजापूर.

गुरुवार, २६ नोव्हेंबर

आज ती घरात आली.

भोंगा झाला आणि दार आपटून उघडलं. तिने जयवंतचा मोडलेला हात धरला. बाबा मध्ये पडले, तिने त्यांना भिंतीवर फेकलं. डोकं फुटलं त्यांचं. जयवंत माझ्याकडे बघत होता.

मी तिच्यासमोर बसले. म्हटलं, हा डॅनी नाही. डॅनी गेला. तुला हात हवाय ना, माझा घे. मी मोठी आहे, तुझ्याएवढी. मी पळणार नाही.

तिला मराठी कळत असेल. तिने त्याला सोडलं.

शुक्रवार, २७ नोव्हेंबर, सकाळ

डाव्या हाताने लिहितेय. उजवा तिच्याकडे आहे. दिसत नाही, पण पकड आहे, बर्फासारखी. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की आवळते. दोन बोटं मोडली. म्हणून मी गेले नाही. एमिलिया मावशी जयवंतला घेऊन स्टेशनवर गेली, पुढे राजापूरची बोट गाठायला. तो येत नव्हता. मी त्याला खोटंच सांगितलं की मागून येते.

जाण्याआधी मावशीने मला विहिरीच्या दोराने खिडकीच्या गजाला बांधलं. बाबा डोकं बांधून खाणीच्या मालकाच्या पाया पडायला गेलेत, आजचा दिवस सुरुंग नको म्हणून.

दुपार

भोंगा.

मालकाने ऐकलं नाही.

ती ओढतेय— दोर कमरेत रुततोय— गज हलतोय— लिहीत राहिले तर भान राहील—

तिसरं बोट—

जयवंतची गाडी सुटली असेल. बरं झालं—

बाहेर कोणीतरी पळतंय. बाबा—

बाबा नाहीत. जयवंत. गळ्यात हात बांधलेला, एकटाच. जा रे, म्हणून ओरडले— मावशीचा हात सोडून पळून आला— जा—

गज निघाला.

त्याने माझ्या कमरेला मिठी मारली. एका हाताने. ती दारापर्यंत ओढतेय, दोघांना. सोड जयवंता. तुला मारीन, सोड— तो नाही म्हणतोय. तो ऐकत नाही. तो सोडत ना—