चार नंबरचं दार

आई, उद्या माझ्याकडे हळदीकुंकू आहे. मयूर विहारच्या या फ्लॅटमधलं, तुझे जावई गेल्यानंतरचं पहिलं. गेल्या संक्रांतीला मी दार लावून टीव्ही बघत बसले होते. या वर्षी सोसायटीतल्या सगळ्या बायकांना मेसेज टाकला, आणि तेव्हापासून सारखा फोन बघतेय. माझ्या हातचं कुंकू लावून घ्यायला कुणी येईल की नाही, कोण जाणे. म्हणून सकाळपासून तुला हे लिहितेय.

दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आपण नवे होतो तेव्हा तू दूध आणायलासुद्धा घाबरायचीस. हिंदी यायची नाही. मग पोळ्या लाटता लाटता वाक्यं घोकायचीस, "भैया, दो लीटर दीजिए." तव्यावरची पोळी करपायची, पण वाक्य तोंडात बसायचं. मी हसले की म्हणायचीस, "हस बाई, हस. उद्या तूच येणार आहेस माझ्याबरोबर." असं एकेक वाक्य करत तू बाजार, दवाखाना, माझी शाळा, सगळं निभावलंस.

मग तू पहिलं हळदीकुंकू ठरवलंस. ब्लॉकमधल्या बायकांना बोलवायला मला धाडलंस आणि हळूच म्हणालीस, "चार नंबर सोड." चार नंबरच्या आंटींचे मिस्टर वारले होते, त्यांच्या जागी त्या ऑफिसात लागल्या होत्या. तरी संध्याकाळी त्या आल्याच, इस्त्रीची साडी नेसून, हातात गजकचा, म्हणजे तिकडच्या तिळाच्या वड्यांचा, डबा घेऊन. महिला मंडळाच्या अध्यक्षबाई, ज्यांच्यापुढे तुझी बोबडी वळायची, मराठीत म्हणाल्या, "हिला कुणी बोलावलं गं?" आंटींना शब्द नाही, पण नजर कळली. "मैं फिर कभी आती हूँ," म्हणत त्या वळल्या. तू माझ्याकडे पाहिलंस. म्हटलं, आता माझी धडगत नाही.

तू कुंकवाची कोयरी उचललीस. मी अगदी जवळ उभी आहे. "मी बोलावलंय," तू अध्यक्षबाईंना सांगतेस, आणि दारात जाऊन आंटींना म्हणतेस, "बैठिए. आपके बिना मेरा काम पूरा नहीं होगा. लगाऊँ?" त्यांनी डोळे मिटून कपाळ पुढे केलं.

आठवडाभर मी त्याच स्वयंपाकघरात होते, आई. तुझं प्रत्येक वाक्य मला पाठ होतं. हे त्यातलं नव्हतं. कुठून आणलंस ते? आज मी ऑफिसात पन्नास माणसांसमोर बिनधास्त बोलते, पण ती संध्याकाळ आठवली की थक्क होते. कमावलेला सगळा धीर तू एका परक्या बाईसाठी खर्चून टाकलास.

लिहिता लिहिता मध्येच गॅसपाशी जाऊन मी उद्याचं वाक्य घोकतेय, "या, बसा." एवढंच, तरी पुन्हा पुन्हा. तळमजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या आजींनी मघाशी लिफ्टमध्ये विचारलं, "मैं भी आऊँ?" मी म्हटलं, बिल्कुल.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. तुझ्या कोयरीखाली ठेवून देईन. फक्त एक सांगायचं राहिलंय. सगळ्या गेल्यावर तू रागावली नाहीस, एवढंच विचारलंस, "चार नंबर सोडायचं विसरलीस ना?" मी हो म्हटलं. विसरले नव्हते गं. मी बोलावणी करत फिरत होते तेव्हा आंटी दारातच उभ्या होत्या, त्यांनी माझ्या हातावर गजक ठेवली आणि विचारलं, "कहाँ घूम रही हो?" मला खोटं बोलवेना.