सात फुगलेली दारं

१४ नोव्हेंबर
वादळ जाऊन आठ दिवस झाले. पाणी आज पूर्ण ओसरलं. पुढच्या खोलीवरचे पत्रे शेजाऱ्यांच्या आवारात सापडले. दोन सापडलेच नाहीत. तळमजल्यावर वीतभर चिखल. बाकी विशेष काही नाही.
लोक उगाच डोक्याला हात लावून बसलेत. मी नवीन वही केली. रेकॉर्ड ऑफिसात तेहतीस वर्षं काढली, शेवटची अकरा हेडक्लार्क म्हणून. एकदा अख्खा रेकॉर्ड पाण्यात गेला होता, तो मी वाळवून परत लावला. घर म्हणजे तरी काय, जरा मोठी फाईल.
ही आणि मी वरच्या खोलीत राहतो, तेवढीच कोरडी. आई धाकट्या भावाकडे, तिसऱ्या मजल्यावर.
निश्चय: सहा आठवड्यांत घर पूर्ववत.

१५ नोव्हेंबर
आईला भेटून आलो. एक्क्याऐंशी वर्षांची आहे, पण तक्रार नाही. फक्त दुपारची झोप होत नाही म्हणाली. बाबा गेल्यापासून दुपारी आतून कडी लावून दोन तास पडायची तिची सवय. धाकट्याकडे सरकतं पार्टिशन, त्याला कडी कुठली? त्याची बायको दर पंधरा मिनिटांनी सरबत घेऊन हजर. प्रेमानंही माणूस जेरीस येतो.
निघताना आई म्हणाली, "माझ्या खोलीला आतून कडी लागली, की न्यायला ये."
एवढीच अट. धाकट्यानं त्यात आपली घातली. ३१ जानेवारीपर्यंत जमलं नाही, तर आईचा पलंग आणि कपाट तो आपल्याकडे नेणार. कायमचं. रजा मंजूर केल्यासारखं बोलला. मी हसून 'बघू' म्हटलं. आतून भडका उडाला होता. आई माझ्याकडेच राहणार. तिथे तिच्या डोक्यावर छप्पर राहील, पण ती आमची आई उरणार नाही.

१९ नोव्हेंबर
खालची सातही दारं पाणी पिऊन फुगली आहेत. आईच्या खोलीचं अर्धं उघडतं आणि मग रुसून बसतं. सुताराला बोलावलं. त्यानं दारावर टिचकी मारली, लाकडाचा वास घेतला आणि म्हणाला, थांबा. किती? दोन-अडीच महिने. हात लावू नका, वाळली की आपोआप जागेवर येतील.
आपोआप! याला म्हणे कारागीर. कामाचा कंटाळा लपवायला केवढं तत्त्वज्ञान. आमच्या ऑफिसात असा एक होता, त्याच्याही फायली आपोआप हलायच्या.
सुताराचं नाव मी थांबोबा ठेवलं आहे.

२२ नोव्हेंबर
रंधा विकत आणला. दुकानदारानं विचारलं, सुतारकाम करता का? मी म्हटलं, नाही, विचार करतो.
घरी ही म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण." माझ्याकडे न बघता म्हणाली, पातेल्याकडे बघून. हल्ली बरंचसं बोलणं ती भांड्यांशीच करते.

२४ नोव्हेंबर
बाथरूमचं दार. चाळीस मिनिटं. कडेचं लाकूड काढलं आणि दार लोण्यासारखं बसलं. इतकं सोपं काम आणि त्यासाठी लोक पिढ्यान्‌पिढ्या सुतार होतात.
धाकट्याला फोन करून सविस्तर सांगितलं. 'बरं' म्हणून त्यानं फोन ठेवला. पोटात दुखणार, साहजिक आहे.

२ डिसेंबर
पाच दारं झाली. उरलेली दोन, त्यात आईचं. घरभर लाकडाची सालपटं. चिखल हिनं काढला, फरशीही तिनंच घासून घेतली. किरकोळ कामं ती बरी करते.
दुपारी थांबोबा सायकलवरून चालला होता. फाटकाशी थांबला. माझ्या हातातल्या रंध्याकडे बराच वेळ बघत राहिला. मी मुद्दाम दोन हात मारून दाखवले. त्यानं कानावरची पेन्सिल काढली, खिशातल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि गेला.
माझी पद्धत टिपून घेतली असावी. घेऊ दे. विद्या दिल्यानं वाढते.

९ डिसेंबर
आईचं दार. जुनं जाड लाकूड, दोन दिवस लागले. चांगलं बोटभर काढावं लागलं. पण कडी अशी सरकली की आवाजसुद्धा नाही. व्हिडिओ काढून धाकट्याला पाठवला, आईला दाखव म्हटलं.
संध्याकाळी आईचा फोन. कौतुक राहिलं बाजूला, एकच प्रश्न. सुतार काय म्हणाला?
सुतार खूश आहे, असं सांगितलं.

२८ डिसेंबर
सहा आठवडे संपले. नव्वद टक्के काम पूर्ण. उरलं फक्त छप्पर, भिंती आणि वीज. आईला लगेच आणणार होतो, पण ही म्हणते डोक्यावर पत्रे नसताना म्हाताऱ्या माणसाला आणून काय करायचं. बायकांना खुसपट काढायची सवयच असते. पत्रेवाला तिनंच गाठला आहे, तो परवा येतो.

९ जानेवारी
छप्पर झालं. गार कोरडा वारा सुटलाय, भिंती छान वाळताहेत.
सकाळी मी आंघोळीला बसलेला असताना बाथरूमचं दार आपणहून उघडलं. समोर मीटर जोडायला आलेला वायरमन. त्यानं नमस्कार केला. मीही केला.
कारण: वारा.

१६ जानेवारी
ही म्हणाली, स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं तरी हॉलमधला टीव्ही दिसतो. मी हवा खेळती राहण्याचे फायदे सांगितले. तिनं दाराच्या फटीतून दोन बोटं पलीकडे काढली आणि हलवून दाखवली. पोरकटपणा.

२० जानेवारी
आईच्या दाराचं माप घेतलं. दार आणि चौकट यांच्यात बोटभर फट. जेवण करून पुन्हा घेतलं. तेवढीच. कडी सरकवली की कोयंड्याच्या अलीकडेच थांबते.
फटीत पुठ्ठा घातला. पडला. वर्तमानपत्राची घडी घातली. दार बसलं, उघडेना. लाकूडच वाईट. आजोबांनी घेतलेलं, त्यांना कुणीतरी फसवलेलं दिसतं.
हे मी मोठ्यानं बोललो. ही कढईला म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं."
थांबोबाला बोलवायचं का, असंही तिनं कढईलाच विचारलं. तेहतीस वर्षांत मी एकाही टिपणीवरची सही मागे घेतलेली नाही.

२६ जानेवारी
नवीन योजना. सगळी दारं सताड उघडी ठेवायची आणि प्रत्येकाला एकेक वीट लावायची. उघडं दार फट दाखवत नाही. आई एकदा घरात रुळली की कडीचं विसरेल. म्हातारी माणसं विसरतात.

३० जानेवारी, सकाळ
आज आई येणार. सात दारं, सात विटा. घर प्रशस्त दिसतंय.

३० जानेवारी, दुपार
धाकटा आईला घेऊन आला. सोबत टेम्पो. जमलं नाही तर पलंग आजच नेतो म्हणाला, उद्या सुट्टी नाही.
आई हॉलमध्ये बसलीच नाही. पाणीसुद्धा घेतलं नाही. सरळ आपल्या खोलीत गेली. मी मागून नव्या रंगाबद्दल सांगत होतो. तिनं पायानं वीट सरकवली आणि दार लावलं. दार कशालाही न लागता चौकटीत गेलं आणि तसंच परत बाहेर आलं. तिनं हातानं धरून पुन्हा लावलं. कडीचा आवाज आला, खूप वेळा आला. फटीतून मला तिची बोटं दिसत होती. बोटं थरथरतात हल्ली, हे मला माहीत नव्हतं.
धाकटा हसला असता तर बरं झालं असतं. तो हसला नाही. मान खाली घालून उभा राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
आईनं मला आत बोलावलं. म्हणाली, "सुताराकडे जा आणि चुकलो म्हण. तू येईपर्यंत टेम्पो थांबेल."
मी हवामानाबद्दल बोलू लागलो. ती पलंगावर बसली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

३० जानेवारी, संध्याकाळ
गेलो. चपलेचा अंगठा वाटेत तुटला, तरी गेलो.
थांबोबाचं मशीन चालू होतं. मी लाकडाची प्रत, यंदाचा वारा आणि आजोबांची फसवणूक या क्रमानं मांडणी केली. तो फळ्या कापत राहिला. शेवटी मी म्हटलं, चुकलो. त्यानं मशीन बंद केलं आणि विचारलं, "काय म्हणालात?"
पुन्हा म्हणावं लागलं. शांततेत ते फार मोठं ऐकू आलं.
त्यानं माळ्यावरून सुतळीनं बांधलेली जुडी काढली. सात लाकडी पट्ट्या, दारांच्या कडेला जोडायच्या. प्रत्येकीवर पेन्सिलीनं दाराचं नाव. बाथरूम, स्वयंपाकघर, हॉल. एकीवर 'आजी'. कधी केल्या, विचारलं. म्हणाला, तुमच्या हातात रंधा पाहिला त्याच दिवशी. पट्टीही वाळावी लागते. तिलाही दोन महिने थांबावं लागतं.
मग दिल्या का नाहीत?
म्हणाला, आजींचा फोन आला होता. तो येऊन चुकलो म्हणाला तरच द्या, म्हणाल्या.
आईचं दार त्यानं सगळ्यात आधी केलं. पाऊण तास लागला. पट्टी बसली, दार बसलं. आई आत गेली आणि कडी लावली. एकदाच आवाज झाला. मी चहा घेऊन बाहेर उभा होतो. ती काही उघडणार नव्हती, तिची झोप राहिली होती. चहा मीच प्यायलो. टेम्पो रिकामा गेला. धाकटा जाताना पाया पडला, माझ्या नव्हे, दाराबाहेरून आईच्या.
बाकीच्या सहा पट्ट्या थांबोबा उद्या लावणार. निघताना त्यानं पॅसेजमध्ये आणखी एक जुडी ठेवली. आठ पट्ट्या. या कसल्या, विचारलं.
"खिडक्यांच्या."
खिडक्यांना मी अजून हात लावलेला नाही, असं ठणकावून सांगितलं.
"असू द्या," तो म्हणाला. "आजींनी करून ठेवायला सांगितल्यात."
हा शुद्ध अविश्वास आहे. खिडक्यांचा विषयसुद्धा मी कुणाजवळ काढलेला नाही. दोन जरा घट्ट लागतात, एवढंच परवा पाहून ठेवलं होतं.
रंधा सापडत नाही. हिला विचारलं. या वेळी ती माझ्याकडे बघून बोलली. म्हणाली, आईंच्या खोलीत आहे, आतून कडी आहे.