पाठ नसलेल्या राक्षसिणीचे गुण

सोमवार, ३ नोव्हेंबर

सोनल काल जाताना चोवीस राक्षस टेबलावर टाकून गेली. एकेका पत्त्यावर एकेक. खाली दोन चौकोन कोरे, एकात 'कसब', दुसऱ्यात 'अक्कल'. दहापैकी गुण भरायचे. म्हणे, "आबा, ताकद मी ठरवली. पण लढायला कोण किती तरबेज आणि कुणाचं डोकं किती चालतं हे तुम्हीच सांगायचं. पंच होता ना?"

होतो. पण माणसांच्या कुस्त्यांचा. ह्या चोवीस जणांत निम्म्यांना मान नाही. मानेवर हात टाकायचा तरी कुठे?

नातीला नाही म्हणता येत नाही. चित्रकला शिकली, सांगलीत खोली घेऊन राहते. हा पत्त्यांचा खेळ तिचं पहिलं स्वतःचं काम. २६ तारखेला छापखान्यात द्यायचा आहे.

बी.पी.ची गोळी एकदा घेतली की दोनदा, आठवेना. हिला, म्हणजे बायकोला, विचारलं तर म्हणाली, "मला काय इचारताय? टेबलावर चोवीस जण बसल्यात, त्यास्नी इचारा."

बुधवार, ५ नोव्हेंबर

उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या. रस्ता ओलांडायला पंधरा मिनिटं. घरी येऊन राक्षस.

सतराहात्या घेतला. सो.ला वाटतं हात जास्त म्हणजे कसब जास्त. सतरा हातांना कामं वाटून देईपर्यंत समोरचा पायात शिरून पट काढून मोकळा होईल. कसब ३, अक्कल २. मग तिडोक्या. तीन डोकी. सोसायटीच्या मीटिंगला तिघं जण असले तरी चहाला दूध किती ह्यावर तास जातो. अक्कल १.

जाळ्या तोंडातून जाळ काढतो. ह्यात कसब कसलं? आमचा जुना स्टोव्हही काढायचा. शून्य लिहिणार होतो, नात रागवेल म्हणून १.

एकच बरा निघाला. पाचट्या. उसाच्या पाचटाचा बनलेला, वजन नाही, पण मिठी मारली की अंगभर कुसळं टोचतात आणि पकडणारा खाजवायला म्हणून स्वतःच पकड सोडतो. ह्याला म्हणतात डोकं. कसब ६, अक्कल ८.

डोळे दुखले. एवढे गुण मुलाच्या दहावीलाही कधी बघितले नव्हते.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

काल भरलेल्या पत्त्यांचे फोटो पाठवले, आज सो.चा फोन. "आबा, सगळ्यांना दोन न् तीन! असा नापासांचा खेळ कोण खेळणार?"

म्हटलं, मग शहाणे काढ.

"राक्षस आहेत ते, शहाणे कसले? आणि हे काय लिहिलंय, 'मरणे' खोडून 'चीत'?"

म्हटलं, पाठ टेकली की कुस्ती संपली. मारायचं कशाला? दुसऱ्या दिवशी त्याच्याही घरी भाकरी थापलेली असते.

ते तिला पटलं. नियम घेतला. पण गुणांवरून ऐकेना. "तुम्ही लय कडक आहात. मी दुसरा पंच बघते. माझ्या खोलीमागं तालीम आहे, तिथं एक आजोबा रोज येऊन बसतात."

"बघ," म्हटलं आणि फोन ठेवला. हिला म्हणालो, पोरीची स्वतःची अक्कल दोन. फोन बंद झाला नव्हता. आतून आवाज आला, "ऐकलं आबा."

रविवार, ९ नोव्हेंबर

सो. आली. दुसऱ्या पंचाने फोनमध्ये बोलून निकाल दिले आहेत, ते ऐकवले. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्याला चित्र दिसत नाही. सो. वर्णन करते, तो बोलतो.

"पोरी, सतरा हाताचा गडी लय चांगला. अगं, सतरा हात म्हंजी चुकायला सतरा मोके. त्यातला एक तरी बसंलच की. आठ लिव्ह."

शेंगदाणे खात होतो. हात वाटीतच राहिला.

बिरू.

आवाज जाड झाला आहे, पण 'लिव्ह' म्हणताना अजून तसाच ओढतो. हिनेही ओळखला. माझ्याकडे बघितलं आणि उठून आत गेली.

सो.ला काही सांगितलं नाही. म्हटलं, ठीक बोलतात आजोबा.

सोमवार, १० नोव्हेंबर

बत्तीस वर्षं झाली. आमच्या यात्रेचं मैदान. बि. आटपाडीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, काटक. जिंकला असता तर कोल्हापूरच्या तालमीत घेणार होते. तिथले वस्ताद स्वतः येऊन बसलेले. समोरच्याने ढाक डाव लावला, बि. खाली गेला, मी शिट्टी मारली. चीत.

तो पडल्या जागेवरून ओरडत होता, "पंच, डाव्या खांद्याखाली खड्डा हाय! हात घालून बघा!"

लोकांनी समोरच्याला खांद्यावर घेतलं होतं. हलगी सुरू झाली होती. मी हात घातला नाही.

वस्ताद नारळ घेऊन निघून गेले. बि. मेंढरांमागे गेला. पुढे सांगलीत हळदीच्या वखारीवर राखणीला लागला, एवढं कानावर होतं. मी त्या बाजूला जायचं टाळलं. सांगलीला काम निघालं तर मुलाला पाठवलं.

आता सो. रोज त्याच्याजवळ बसते. त्याने सांगितलं तर पोरीपुढे माझं काय राहील? तिच्या नजरेत मी एकटा सरळ माणूस आहे. बाकी घरातल्यांना माहीत आहे मी कसा आहे ते.

बुधवार, १२ नोव्हेंबर

वैताग. मी एक म्हणायचं, त्याने दुसरं, मधे ही पोर फोन घेऊन.

तिडोक्याला मी १ दिला, त्याने ९. कारण सांगतो, "तुज्या आबानं कवा मेंढरं राखल्यात? एक डोस्कं डुलकी घेतंय, दुसरं लांडगं बघतंय, तिसरं भाकरी खातंय. मला तीन असती तर आज माझं सतरा बकरं जास्त असतं."

१ खोडला. ४ केले. आयुष्यात दिलेला निकाल पहिल्यांदा बदलला. जेवण गेलं नाही.

पाचट्याला मात्र त्यानेही अक्कल ८ दिली. मी काय दिलं ते त्याला सांगितलं नव्हतं. सो.ला दोनदा विचारून खात्री केली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आजचा पत्ता पोकळपाठी. पुढून बाई, लांब केस, चेहरा बरा. मागे पाठच नाही. कोरून काढल्यासारखी पोकळ. हिने बघितलं आणि म्हणाली, "ही तर हडळ. आमची आई सांगायची, हडळीला पाठ नसती म्हणून ती कवा पाठ दावत न्हाई."

सो.चा प्रश्न असा: आबांचा नियम म्हणजे पाठ टेकली की चीत. हिला पाठ नाही. मग ही हरणार कधी? ज्याच्या हातात हा पत्ता येईल तोच दरवेळी जिंकणार. खेळ नासला.

माझाच नियम माझ्या गळ्यात. तासभर विचार केला. शेवटी कळवलं: पाठ नसली तरी आडवी झाली म्हणजे चीत समजावी.

संध्याकाळी सो. मुक्कामाला आली, त्याचं उत्तर फोनमध्ये घेऊन. सो.ने स्पीकरवर लावलं.

"आडवं हुनं म्हंजी चीत न्हवं, पोरी. खाली पोकळ हाय. तुज्या आबाला इचार, हात घालून बघितला का म्हणावं."

मागे तालमीतला आवाज. कुणीतरी जोर मारत होतं.

"आबा, हे काय म्हणतायत?" सो.ने विचारलं.

म्हटलं, रेंज नाही, नीट ऐकू आलं नाही. ती माझ्यासमोर दोन हातांवर बसली होती.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सकाळी ती निघायच्या आधी आडून विचारलं, त्या आजोबांना माझं नाव माहीत आहे का?

"पहिल्याच दिवशी विचारलं ना त्यांनी. गाव कुठलं, आजा कोण. सांगितलं तर हसले."

हसला?

"हो. मग म्हणाले, वाच पुढं. आणि गंमत म्हणजे आबा, प्रत्येक राक्षसाचं एकच विचारतात आधी. ह्येला पाठ हाय का?"

म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत. तरी पोरीला काही बोलला नाही. का बोलला नाही? माझी कीव केली की मला शिजत ठेवलं आहे? डाव कळला तर माणूस तोड शोधतो. हा डावच कळत नाही.

बी.पी. तपासलं. न तपासता बरं होतं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

हिच्याशी भांडण. दोन दिवस मी धड जेवत नाही म्हणून चिडली. "आवं, त्या गड्यानं बत्तीस वर्सं कुटं तक्रार केली का? तुमीच त्यो खड्डा उकरत बसलाय. जावा की एकदा आन् बुजवून या."

तिला अर्धंच माहीत आहे. उरलेलं आज लिहितो. ह्या वहीतही कधी लिहिलं नाही.

त्या दिवशी सकाळी मी अनवाणी आखाड्यात फिरलो होतो. पंचाने फिरायचंच असतं. डाव्या कोपऱ्यात पाय खचला. वीतभर खोल. माती टाका म्हणून सांगितलं आणि चहाला गेलो. टाकली की नाही हे परत येऊन बघितलं नाही.

म्हणजे तो ओरडला तेव्हा खड्डा आहे हे मैदानात दोघांना माहीत होतं. त्याला आणि मला.

बुधवार, १९ नोव्हेंबर

सो.ला नवीन नियम कळवला. स्वतः टाइप केला, चाळीस मिनिटं लागली. 'चीत देण्यापूर्वी पंचाने पाठीखाली हात घालून पाहावे. पोकळ लागल्यास कुस्ती चालू राहील.'

पोकळपाठीला कसब ९, अक्कल ९. एवढे गुण कुणालाच दिले नाहीत.

सो. खूश. "आबा, हा नियम भारी! पण हात घालायला पंच पाहिजे ना खेळात? जाळ्याला काढते, तसाही तुम्हाला आवडला नव्हता. त्याच्या जागी पंचाचा पत्ता करते."

नको म्हणायच्या आत तिने फोन ठेवला. तिचा फोन माझ्यासारखा चालू राहत नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

पंचाचं चित्र पाठवलं. राक्षसच आहे. मिशा माझ्या, टोपी माझी, शिट्टी एवढी मोठी की मागे चेहरा दिसत नाही. हिला हसून ठसका लागला. "हुबेहूब!"

खाली दोन चौकोन. कसब. अक्कल.

सो. म्हणते, स्वतःला गुण देता येणार नाहीत, पक्षपात होईल. हा बिरूआजोबांकडे.

म्हटलं, पंचाला गुण कशाला? पंच लढत नाही.

"लढत नाही, पण त्याच्यामुळं कोणतरी हरतो की."

तिला काही माहीत नाही. माहीत नसताना बोलली.

रविवार, २३ नोव्हेंबर

निकाल आला. आज मी एकटा ऐकला, कानाला लावून.

"पंच व्हय? मिशा हाईत म्हंतीस? कसब आठ लिव्ह. नजर चांगली हुती गड्याची, लांबनं पकड वळकायचा." मग खोकला. "अक्कल आता लिवू नगं. ती फोनवर सांगायची न्हवं. त्येला समूर घिऊन ये, मग सांगतो."

कसब आठ. तीनदा ऐकलं.

सो.चा लगेच फोन. बुधवारी पत्ते छापखान्यात, एक चौकोन कोरा कसा चालेल? "आबा, तुम्ही या ना एकदा. असं काय करताय? दीड तासाचा प्रवास."

बत्तीस वर्षांत तो दीड तास झाला नाही, हे तिला काय सांगू.

येतो म्हटलं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

सकाळची सव्वाआठची एसटी. ऊस वाहतुकीने उशीर होणार, म्हणून सात वाजताच तयार. फेटा बांधला, सोडला. हिने टोपी दिली. "लगीन लावाय निघालाय का?" रोजची गोळी घेतली. हिने घेताना बघितली, लिहून ठेवतो.

काय बोलायचं ते पाठ केलं होतं. खड्ड्याचं आधी सांगायचं की हाताचं? सोनल समोर असणार. तिला बाहेर पाठवावं का? मग कळलं, तिला बाहेर पाठवून सांगायचं असेल तर जायचंच कशाला. तिने ऐकलं पाहिजे. परत खुर्चीत बसलो. आता बसूनच लिहितो आहे.

ही बाहेरून हाक मारते आहे, "आवं, गाडी तुमच्यासाठी थांबती व्हय?"

पंचाचा पत्ता खिशात. कसब आठ, पुढची जागा कोरी. बि.ला दिसत नाही, म्हणजे तो सांगेल तो आकडा मीच लिहायचा. पेन्सिल घेतली आहे.

नंतर पेनही घेतलं.