काही कळत नसल्याचा दाखला

उधवा, ता. तलासरी
५ मार्च २०१९

ती. मयूरीताईस,

धाकट्या मामेभावाचा पुण्यापर्यंत पोचेल असा वाकून नमस्कार. (वाकतो जपूनच, खालची जमीन सध्या भरवशाची नाही.) तब्येत कशी आहे? जेवण वेळेवर होतं ना? घोलवडला विनिताआत्या खुशाल आहे. चिकूच्या वाडीत खाट टाकून बसलीय आणि हादरा बसला की आधी देवाला आणि मग तुला हाक मारते. फोन केला असता तर तू मध्येच हसली असतीस, आणि हे हसण्यासारखं नाही, म्हणून पत्र.

सगळा दोष तुझ्या संशोधनाचा. दिवाळीत तूच मला समजावलंस, की अतिदूरच्या ताऱ्यांच्या अंतकाळी गॅमा-किरणांचे जे स्फोट होतात आणि तुमचा उपग्रह टिपतो, त्यांवरून विश्वातली अंतरं मोजता येतील. स्फोट मुळात किती जोराचा हे कळलं, की इथे तो किती मंद होऊन पोचला यावरून अंतर काढायचं. अडचण एवढीच, की सगळे स्फोट सारख्या जोराचे नसतात; मूळ जोर त्यांचे कमीजास्त ऊर्जेचे किरण किती मागेपुढे पोचतात त्यावरून ताडावा लागतो, आणि तो नियमसुद्धा आधी अंतर माहीत असलेल्या स्फोटांवर लावून पाहावा लागतो. मला हे इतकं पटलं, की विज्ञान दिनाला मुलांना करून दाखवायचं ठरवलं. (आमची शाळा हादरे सुरू झाल्यापासून मैदानातच भरते, त्यामुळे प्रयोगाला जागा भरपूर.)

लवंगी फटाका जवळ, सुतळी बॉम्ब लांब. मुलांनी डोळे मिटून आवाजावरून अंतर सांगायचं. दोन्ही आवाज सारखेच वाटणार, मुलं चुकणार, आणि मग मी ऐटीत म्हणणार की आधी मूळ जोर कळायला हवा! बॉम्ब बांधापलीकडे नेऊन पेटवायचं काम शिपाई लाहूकडे दिलं. लाहू कामाचा पक्का. आवाज नीट पोचावा म्हणून त्याने तो स्वतःच्या अकलेने रिकाम्या लोखंडी पिंपात ठेवला. आणि मी, बी.एस्सी. बी.एड. झालेला माणूस, गावाला आधी सांगायलाच विसरलो. ताई, आमच्याकडे भूकंप धडाम् असा आवाज करत येतो. पिंप वाजलं आणि अख्खा पाडा घराबाहेर! शाळेशेजारच्या जमनाबाईंच्या हाताला तर भाकरीचं पीठ तसंच. मग पाच मिनिटं मला शिव्या पडल्या. (निम्म्या कळल्या नाहीत, तेवढंच सुख.) मी हात जोडून उभा होतो तोच पायाखालून खरा हादरा गेला, आणि जमनाबाईंच्या घराची मागची विटांची भिंत चुलीवर कोसळली. त्या मघाशी बसल्या होत्या, बरोबर तिथे. धूळ खाली बसेपर्यंत सगळे माझ्याकडे बघत होते.

तेव्हापासून मी भूकंप ओळखणारा गुरुजी. इथवर ठीक होतं, पण आता बाहेर ताडपत्रीखाली झोपणारी माणसं पुन्हा घरात झोपायला गेलीत. गुरुजी बार काढतील तेव्हा निघू, म्हणतात! मी दारोदार सांगत फिरलो, बाबांनो, भूकंप कुणालाच आधी कळत नाही, मला तर नाहीच नाही. लोक समजूतदारपणे मान हलवतात. मोठी माणसं असंच बोलायची, असा भाव. लाहू विचारतो, पिंप घासून ठेवू का. चाळीसेक माणसं तडा गेलेल्या भिंतींपाशी माझ्या भरवशावर निजतात, आणि ताई, मला फार भीती वाटते.

वडीलधाऱ्यांना नमस्कार, तुझ्या उपग्रहाला आशीर्वाद.

तुझा,
प्रितम

ता. क. खरं काम असं. तुझ्या संस्थेच्या लेटरहेडवर लिहून पाठव, की उधव्याच्या प्रितम गुरुजींना भूकंपातलं काहीही कळत नाही. मराठीत लिही, ठळक अक्षरात. शिक्का गोल हवा. चौकोनी शिक्क्यावर इथे कुणाचा विश्वास नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच जमनाबाई आल्या. त्यांना म्हटलं, पुण्याहून दाखला मागवतोय. त्या म्हणाल्या, “आमाला ठाव हाय गुरुजी, तुमाला नाय कळत. पन ताडपत्री फाटली. दवानं पोरां रातभर खोकतात. घरात निजाया कायतरी निमित्त लागतं ना.”

दाखला राहू दे. ताडपत्र्या पाठव. बारा, जाड. आजच.