उजवीकडे तीन

३ ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

मी काय काय केलं त्याची तुला यादी हवी होती ना, घे. वादकांच्या वह्या ठेवायला भंगारातल्या पाइपांचे अकरा स्टँड. उभं राहायचा चौथरा, नऊ इंच उंच, न डुगडुगणारा. ताल दाखवायला सायकलच्या स्पोकची छडी, तिला बुचाची मूठ. अकरा वादकांच्या अकरा वह्या, प्रत्येकीत चारशे बारा आवर्तनं, एकही खाडाखोड नाही. सगळं याच हातांनी. संगीतशाळेची पायरीही मी चढलो नाही, हे तू चारचौघांत सांगतेसच.

रचना सात मात्रांची आहे: दोन, दोन, तीन. जो तो चारावर चालतो. सातावर पाय जरासा अडखळतो, आणि ते अडखळणंच मला हवंय. खुणाही मीच बसवल्या. छडी खाली आली की दोन, डावीकडे गेली की पुन्हा दोन, उजवीकडे लांब गेली की तीन. पोस्टमन, शिंपी, दवाखान्यातल्या नर्सबाई, सगळ्यांच्या अंगात हे मुरायला दोन वर्षं लागली.

आता उजवा खांदा धरलाय. छडी उजवीकडे जातच नाही. डॉक्टर म्हणतात, हा सुटायचा नाही. कार्यक्रम वीस दिवसांवर आलाय.

तुझा,
धाकटा

९ ऑगस्ट

चि. मोजपट्टीस अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचले. चौथरा नऊ इंच, हे कळले. दुखते किती, ते कुठेच सापडले नाही. लहानपणी घड्याळ दुरुस्त केलेस, तेव्हाही उरलेला स्क्रू असाच लपवला होतास.

डावा हात काय शोभेला आहे? त्यात धर छडी. माझे गुडघे मला जिना उतरू देत नाहीत, त्यामुळे मी काही येत नाही. पण डोळे मिटण्याआधी तुझे ते अडखळणे एकदा ऐकायचे आहे. रेकॉर्डिंग पाठव. खांदा शेकत जा, आणि आमच्यावर फार रागावू नकोस.

तुझी,
ताई

२८ ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

डाव्या हातानंच केलं. सराव घरी एकट्यानं केला. तो अडाणी हात वादकांपुढे नाचवायची लाज वाटली. डाव्या हाताला लांब जायला मोकळी जागा डावीकडेच, म्हणून तीन आपोआप तिकडे गेले आणि मधले दोन उजवीकडे आले. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

पहिल्याच आवर्तनात छडी उजवीकडे गेली. सहा जणांनी तीन वाजवले, पाच जणांनी पाठ होतं म्हणून दोन. बाराव्या आवर्तनाला मी थांबलो. लोकांना वाटलं, संपलं. टाळ्या पडल्या. आणि ताई, मी वाकून त्या घेतल्या.

तुझ्या सांगण्यात चूक नव्हती. मी एकदा, एकदाच, त्यांच्यासमोर करून बघायला हवं होतं.

वह्या एकेक करून परत आल्या. शेवटची पोस्टमननं आणली. म्हणाला, आमचं चुकलं असेल साहेब, पण आता पुन्हा नको. सरावाच्या हॉलची किल्लीही त्यानं मागून नेली. खांदा आहे तसाच आहे. रेकॉर्डिंगची वाट बघू नकोस.

लोभ आहे तेवढा असू दे. वाढवावा असं माझ्याकडे आता काही उरलं नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. काल नगरपालिकेच्या बँडचे प्रमुख घरी येऊन गेले. प्रत्येक आवर्तनात एक मात्रा वाढवून सगळं आठात बसवून द्या, आमचा माणूस संचालन करेल, रेडिओवर लावू, तुमच्या ताईही घरबसल्या ऐकतील, असं म्हणाले. मी नाही म्हटलं. पस्तीस हजार देत होते.