दोघींचं पाणी

ठाकुर्ली

आबा, तुम्हाला आणि आईला नमस्कार.

मागच्या पत्रात दर रविवारी डोंगरावर न्यायची सॅक पाच किलोची लिहिली, ती माझी चूक. पाण्याचं वजन धरलंच नव्हतं. भरल्यावर नऊ होते. काळजी नको, खांदे आता कमी दुखतात.

चार लिटर पाणी बघून ग्रुपमधला प्रीतम म्हणाला, "अगं, टँकर आणलास काय? एकटीला दोन लिटर बस झालं." पण वाटेवर पाणी आपल्यापुरतंच नेऊ नये, हे तुम्हीच शिकवलंत. अजून कुणी मागितलं नाही. मी रांगेत शेवटी चालते, म्हणून असेल. उरलेलं खिडकीतल्या मिरचीला घालते.

आईचा गुडघा कसा आहे?

पाणी कमी करणार नाही. शेजारच्या खोलीतली दक्षताही रविवारी एकटीच असते. "येतेस का?" म्हणून तिला विचारणार आहे, येत्या शनिवारी, सतरा तारखेला.

तुमची
हेमाली