‘का’ विचारायचं नाही

३ ऑक्टोबर

ती. दादास,
टिटवीचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचले. व्यसनमुक्ती समुपदेशनाच्या एम.ए.चं हे शेवटचं सत्र केंद्रातच राहून करायचं असतं. इथे दाखल होणाऱ्यांचे फोन काढून घेतात, म्हणून आमचेही घेतले. तेव्हा आता माझी पत्रं वाच. शिवाय प्रत्येकाने आपली एक आवडती गोष्ट सत्रभर सोडायची आहे, कारण तलफ काय असते ते पुस्तकातून कळत नाही. मी मोठ्या तोऱ्यात चहा सोडला आणि आता खोलीत येरझाऱ्या घालते आहे. खाली धुलाईघर आहे. तिथलं यंत्रसुद्धा मध्ये मध्ये थांबतं, मी थांबत नाही.

खरी पंचाईत निराळीच आहे. मुलाखतीच्या सरावात ‘का’ विचारायचं नाही. का प्यायलास, का खोटं बोललास, हे पेशंटने घरी इतकं ऐकलेलं असतं की ‘का’ आला की तो मनाचं दार लावून घेतो, असं आमच्या मॅडम म्हणतात. कुणाच्या तोंडून ‘का’ निसटला की त्या चमच्याने टेबलावर टकटक करतात. आजची निम्मी टकटक माझ्यासाठीच होती. म्हणून मी निघाले तेव्हा स्टँडवर का आला नाहीस, असं विचारत नाही. यायच्या आड काय आलं, तेवढं कळव.

लोभ आहेच, थोडा चहासाठीही राखून ठेवला आहे.

टिटवी

१४ ऑक्टोबर

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

पत्र पावलं. ‘का’ वर्ज्य केलास तर माणसाला जेवलास का, एवढंही तुला विचारता यायचं नाही. तुझे पेशंट बरे होतील, पण उपाशीपोटी. लहानपणी ‘का’ विचारून विचारून तू सगळ्यांचं डोकं खायचीस, म्हणून तर मी तुला टिटवी म्हणायला लागलो. मॅडमना नमस्कार सांग. आख्ख्या घराला जे जमलं नाही ते त्यांनी एका चमच्याने करून दाखवलं.

स्टँडवर यायच्या आड एक चष्मा आला, तातडीचा होता. दुकान बरं चाललंय. गारठ्याने हात जरा थरथरतो, बाकी काही नाही. तुझ्या वहिनीचं पत्र आलं तर मनावर घेऊ नकोस, तिला राईचा पर्वत करायची सवय आहे.

आशीर्वाद हवे तेवढे माग, चहा मात्र मागू नकोस.

दादा

१९ ऑक्टोबर

प्रिय टिटवी,
अनेक आशीर्वाद.

ह्यांनी तुला सगळं आलबेल असल्याचं लिहिलं असणार. हात गारठ्याने थरथरत नाही. पिणं पुन्हा सुरू झालं आहे, आणि या वेळी भर दुपारपासून. चष्म्याच्या काड्यांचे बारीक स्क्रू आता मी बसवते, हे गिऱ्हाइकाकडे पाठ करून उभे राहतात. मागे ह्यांनी एका बसड्रायव्हरच्या चष्म्यात डावीकडची काच उजवीकडे बसवली. तो बिचारा दुकानाच्या पायरीवरच अडखळला म्हणून कळलं. तसाच जाऊन बस चालवायला बसला असता तर, हे मनातसुद्धा आणवत नाही.

मी सांगून टाकलंय की मुलींना सुट्टी लागायच्या आत उपचाराला दाखल झाला नाहीत तर मी त्यांना घेऊन माझ्या बहिणीकडे जाईन. बोलून बसले खरी, पण मला जायचं नाही गं. तू हेच शिकते आहेस, मग मी बाहेर कुणाला विचारू? काखेत कळसा आणि गावाला वळसा. तूच लिही त्यांना.

माया आहे ती अशीच राहू दे.

वहिनी

२३ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीकडून सगळं कळलं. तुझ्यावर सध्या बराच ताण असावा, असं मला जाणवलं. सोडावंसंही वाटतं आणि सोडवतही नाही, अशी कदाचित तुझी अवस्था असेल. दोन्ही भावना एकाच वेळी असणं स्वाभाविक आहे. तुला स्वतःत कोणता बदल झालेला आवडेल? त्या दिशेने पहिलं पाऊल कोणतं असू शकेल? मी तुला दोष देत नाही. निर्णय सर्वस्वी तुझा आहे आणि त्याचा मी आदर करते.

लोभ असावा.

टिटवी

२७ ऑक्टोबर

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

अक्षर तुझं होतं म्हणून शेवटपर्यंत वाचलं. माझी सायकल न विचारता पळवून चाक वाकडं करून आणणारी तू, माझा आदर कधीपासून करायला लागलीस?

हो, पितो मी. दुपारपासूनच. तुझी वहिनी रोज विचारते का, आणि मी दार लावून घेतो. तुझ्या मॅडमचं म्हणणं खरं आहे. पण तुझ्या पत्रात ‘का’ शोधला आणि सापडला नाही, तेव्हा मी घाबरलो. चंद्र दिवसा का दिसतो म्हणून जीव खाणारी पोर मला काहीच विचारत नाही, म्हणजे मी तिचा भाऊ उरलो नाही, पेशंट झालो. चार शिव्या घातल्या असत्यास तर बरं वाटलं असतं.

आशीर्वाद वर लिहिलेत तेच.

दादा

३० ऑक्टोबर

ती. दादास,

तुझं पत्र घेऊन मॅडमकडे गेले आणि त्यांच्यासमोरच रडले. घरच्या माणसाचं समुपदेशन आपण करायचं नाही, हा पहिलाच धडा मी धाब्यावर बसवला, असं त्या म्हणाल्या. भावाला दुसऱ्या केंद्राकडे सोपव आणि तू बहीणच राहा, असं त्यांनी बजावलं. तिथल्या बाईंचा पत्ता सोबत पाठवते.

आणि ऐक. परवा धुलाईघरामागे जाऊन मी कपभर चहा ढोसला. वर खोलीत आल्यावर मैत्रिणीने विचारलं तर पापणीही न लववता नाही म्हणाले. खोटं किती पटकन येतं रे तोंडावर. तेव्हा मीही काही फार शहाणी नाही. पण रागावले आहे, भयंकर रागावले आहे. वहिनीला स्क्रू बसवायला लावतोस, लाज नाही वाटत? तुझं काही बरंवाईट झालं तर मी भांडू कुणाशी? होऊ दे टकटक.

का रे दादा? का?

टिटवी

१२ नोव्हेंबर

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

वरचा पत्ता पाहून तुला कळलंच असेल. माझाही फोन दारातच जमा झाला. सुरुवातीचे दिवस कसे गेले ते लिहीत नाही, हाडन् हाड भांडत होतं. मुलींना सुट्टी लागली. त्या कुठेही गेल्या नाहीत, आईच्या शेजारी बसून दुकानातल्या काचा पुसताहेत असं कळलं.

तुझ्या ‘का’ला उत्तर अजून सापडलेलं नाही. सापडलं की पहिलं तुला कळवीन. पण तू विचारलंस म्हणून इथवर आलो, एवढं लक्षात ठेव.

इथल्या बाई चांगल्या मुरलेल्या आहेत. सगळं ‘काय’ आणि ‘कसं’ करूनच विचारतात. काल मात्र बोलता बोलता त्यांच्या तोंडून ‘का’ निसटला. हाताशी औषधाचा चमचा होता. हात अजून थरथरतोच, तरी उचलला, आणि टेबलावर टकटक केली.

दादा